जुनी जीप : काय जपावे, काय बदलावे?

रायपूरच्या पुरानी बस्ती परिसरातील महामाया मंदिर आणि दूधाधारी मठ शहराच्या वयाची साक्ष देतात. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून या भूमीशी मराठी माणसाचे नाते आहे. समजा, येथील एका घराच्या पडवीत आजोबांची सी.जे. ३ बी जीप अनेक वर्षे उभी आहे. नातवाला ती पुन्हा रस्त्यावर आणावयाची आहे. मेकॅनिक सुचवितो, ‘‘डिझेल इंजिन बसवा.’’ वडील बजावतात, ‘‘एक स्क्रूही बदलू नका.’’ ऐकावे कोणाचे?

मूळ रूपाचा अर्थ

महिंद्र कंपनीने १९४७ पासून विलीज जीप भारतीय रस्त्यांवर आणली. अमेरिकेत १९५३ मध्ये अवतरलेल्या सी.जे. ३ बी ची ओळख म्हणजे उंच बॉनेट. आधीच्या इंजिनात दोन्ही प्रकारचे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूस होते. नव्या ‘हरिकेन’ इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह वर गेला, इंजिनाची उंची वाढली आणि बॉनेटही उंचावले. ते इंजिन काढल्यास बॉनेट उरते, पण त्यामागील कारण नाहीसे होते.

तीन याद्या

काम सुरू करण्यापूर्वी तीन याद्या कराव्यात. पहिली जपावयाच्या भागांची : चेसिस व तिच्यावरील क्रमांक, बॉडी, इंजिन, गिअर बॉक्स आणि सात फटींची जाळी. दुसरी सुरक्षिततेची. या जीपच्या ब्रेकची रचना एकाच मंडलाची असते. एक नळी फुटली, तर चारही चाकांचे ब्रेक निकामी होतात. म्हणून दुहेरी मंडलाचा मास्टर सिलिंडर आणि पक्क्या आधारावर बसविलेले सीट बेल्ट यांचा विचार अवश्य व्हावा. तिसरी यादी झिजणाऱ्या वस्तूंची. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्याने जुने रबर खराब होऊन गळती व आगीचा धोका संभवतो. इंधनाच्या नळ्या व सील इथेनॉलला टिकणारेच हवेत.

प्रत्येक बदलाला एक कसोटी लावावी : उद्या मूळ भाग परत बसविता येईल काय? काढलेले भाग चिठ्ठ्या लावून जपून ठेवावेत.

कायदा आणि कागदपत्रे

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनाच्या मूळ रचनेतील बदलांवर बंधने आहेत. इंजिन बदलण्यापूर्वी नोंदणी अधिकाऱ्यांची अनुमती घ्यावी. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या वाहनाची ‘विंटेज’ म्हणून नोंदणी होऊ शकते. परंतु चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झाला असल्यास ही संधी हुकते. अशी नोंदणी झालेले वाहन रोजच्या वापरासाठी चालविता येत नाही, हेही ध्यानी घ्यावे.

मालक दिवंगत असल्यास वारसाने नमुना ३१ भरून नावनोंदणी बदलून घ्यावी. आर.सी. वर जुन्या कर्जाचा बोजा दिसत असल्यास तो नमुना ३५ द्वारे उतरवावा. केलेले बदल विमा कंपनीला लेखी कळवावेत.

खर्चाचा क्रम

प्रथम ब्रेक व स्टिअरिंग, मग इंधन व विजेची व्यवस्था, त्यानंतर इंजिन. रंग सर्वांत शेवटी. अनेकदा आरंभीच रंगावर पैसा संपतो आणि देखणी जीप पुन्हा पडवीतच उभी राहते. टप्प्यांनुसार अंदाजपत्रक करावे आणि अनपेक्षित दुरुस्तीसाठी काही रक्कम राखून ठेवावी.

वाचकहो, इंजिनाच्या बाबतीत वडिलांचे म्हणणे योग्य आहे. पण ब्रेकच्या बाबतीत बदलाला पर्याय नाही. आजोबांची आठवण जपावयाची असेल, तर ती चालविणारा नातूही सुखरूप घरी परतला पाहिजे.