तारखा ३६९ वर्षे पुढे का?

प्रश्न : आमचा सर्व्हर विंडोजवरून लिनक्सवर आणला. २०२५च्या नोंदी २३९४ सालच्या दिसतात. घड्याळ बरोबर आहे. चूक कुठे शोधावी?

उत्तर : घड्याळाला हात लावू नका, चूक रूपांतरात आहे. विंडोजचा फाइलटाइम १ जानेवारी १६०१पासून १०० नॅनोसेकंदांचे टप्पे मोजतो, लिनक्स १ जानेवारी १९७०पासून सेकंद. कोडमध्ये एक कोटीने भागलेले दिसते, पण मधले ११,६४,४४,७३,६०० सेकंद वजा करायचे राहिले. त्यानंतरही साडेपाच तासांचा फरक उरलाच, तर कुठेतरी भारतीय वेळ यूटीसी समजून साठवली आहे. आणि वेळ 'लाँग'मध्ये ठेवणारी प्रत्येक ओळ तपासाच : ६४-बिट लिनक्सवर तो ६४ बिटांचा, विंडोजवर मात्र ३२चाच, तिथे १९ जानेवारी २०३८ला तो ओसंडेल. दुरुस्तीआधी मूळ डेटाची प्रत नक्की काढून ठेवा.