गुप्त मंडळे आणि आठवी आज्ञा



‘फ्रीमेसन हे गुप्त मंडळ जग चालवते’ असे संदेश चाकणच्या कंपनी-बसमध्येही मोबाइलवर फिरतात. हे मंडळ आपल्याकडे जुनेच. मुंबईत 1843 साली भारतीयांसाठी त्यांची ‘रायझिंग स्टार’ लॉज निघाली.

कॅथलिकांनी त्यात जाऊ नये, असे ख्रिस्तसभेने 1738 साली सांगितले व 2023 साली पुन्हा स्पष्ट केले. त्यांची तत्त्वे आपल्या श्रद्धेशी जुळत नाहीत.

पण ही मनाई म्हणजे अफवेला परवानगी नव्हे. फ्रान्समध्ये लिओ ताक्सिलने मेसन लोकांच्या सैतानपूजेच्या कथा लिहिल्या. अनेक कॅथलिकांनी त्या खऱ्या मानल्या. 1897 साली पॅरिसमध्ये त्यानेच त्या बनावट असल्याचे जाहीर केले.

ज्यांच्याशी आपले पटत नाही, त्यांच्याविरुद्धही खोटी साक्ष हे पापच. म्हणून संदेश पुढे पाठवण्याआधी आपण स्वतःला विचारू या : हे खरे असल्याचे मला ठाऊक आहे का?