भाड्याचे घर : विश्वासाला दस्तऐवजाची जोड

भोर तालुक्यातील उत्रोलीसारख्या गावांच्या संदर्भात घराच्या प्रश्नाचा विचार करताना त्याच्या दोन बाजू ध्यानात घ्याव्या लागतात. एका बाजूस नव्याने बदलून आलेले शिक्षक, आरोग्यसेविका, तलाठी आणि कारखान्यांतील कामगार राहण्यायोग्य घराच्या शोधात असतात. दुसऱ्या बाजूस, नोकरीनिमित्त मुंबई-पुण्यास गेलेल्या कुटुंबांची चांगली बांधलेली घरे कुलूपबंद असतात. काही कुटुंबांनी पुण्याच्या उपनगरांत भिंतीला भिंत लागून बांधलेली, ज्यांना आपण रो-हाऊस म्हणतो अशी घरेही घेतलेली असतात. तीही पुष्कळदा रिकामीच राहतात. कारण विचारले तर उत्तर ठरलेले असते : "एकदा भाडेकरू आत आला की घर गेले म्हणून समजा."

भीतीचे मूळ

ही भीती सर्वस्वी निराधार नव्हती. युद्धोत्तर टंचाईच्या काळात भाडेकरूंना संरक्षण मिळावे म्हणून १९४७ साली मुंबई भाडे नियंत्रण कायदा झाला. भाडी गोठली, घरांच्या किमती आणि दुरुस्तीचा खर्च मात्र वाढतच राहिला. पुढे १९७३ साली कायद्यात दुरुस्ती होऊन, त्या वर्षीच्या १ फेब्रुवारी रोजी परवानाधारक म्हणून राहत असलेल्यांनाही भाडेकरूचा दर्जा मिळाला. अकरा महिन्यांसाठी दिलेले घर कायमचे अडकल्याच्या कथा तेव्हापासूनच्या आहेत.

तथापि ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ अमलात आला आणि परिस्थिती पालटली. परवान्याने, म्हणजेच 'लीव्ह अँड लायसन्स' पद्धतीने, राहण्यासाठी दिलेले घर मुदत संपल्यावर परत मिळविण्याची स्वतंत्र व जलद तरतूद त्यातील कलम २४ मध्ये आहे. सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. मुदतीनंतरही जागा न सोडणाऱ्यास परवाना शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. कायदा बदलला, परंतु भीती जुनीच राहिली.

अकरा महिन्यांचा गैरसमज

आजही अनेक घरमालक असे मानतात की, करार अकरा महिन्यांचा असेल तर नोंदणीची आवश्यकता नाही. मुद्रांक कागदावर नोटरीचा शिक्का पुरेसा आहे. या समजुतीचा उगम १९०८ च्या नोंदणी अधिनियमात आहे. त्यानुसार एक वर्षाहून अधिक मुदतीचे भाडेपट्टे नोंदविणे बंधनकारक आहे. म्हणून एक महिना कमी करण्याची प्रथा पडली. परंतु १९९९ च्या अधिनियमाच्या कलम ५५ नुसार भाड्याचा अथवा परवान्याचा प्रत्येक करार, मुदत कितीही असो, लेखी व नोंदणीकृत असला पाहिजे. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ती पार न पाडल्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास, पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही अशा शिक्षेची तरतूद आहे.

याहूनही महत्त्वाचा परिणाम वेगळाच आहे. नोंदणीकृत करार नसेल आणि वाद उद्भवला, तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. म्हणजे शेदोनशे रुपये वाचविण्याच्या नादात मालक आपली बाजूच गमावून बसतो.

हा अधिनियम त्याच्या अनुसूचींत व अधिसूचनांत नमूद केलेल्या क्षेत्रांना लागू आहे. पुणे शहर त्यात येते. आपले गाव येते किंवा कसे, याची चौकशी दुय्यम निबंधक कार्यालयात अथवा जाणकार वकिलाकडे करावी. तो लागू नसेल तेथे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण अधिनियम लागू राहतो. नोंदणीकृत करार तेथेही हिताचाच ठरतो.

हिशेबाचे एक उदाहरण

समजा, एक घर दरमहा सहा हजार रुपये शुल्क आणि वीस हजार रुपये परत करावयाची अनामत ठेव या अटींवर अकरा महिन्यांसाठी दिले. एकूण शुल्क सहासष्ट हजार रुपये होते. मुद्रांक शुल्काचा दर ०.२५ टक्के असून ठेवीवर दरसाल १० टक्के दराने येणारी रक्कमही त्यासाठी हिशेबात धरली जाते. असे शुल्क पावणेदोनशे रुपयांच्या आसपास येते. नोंदणी फी ग्रामीण भागात ५०० रुपये आणि शहरी भागात १,००० रुपये आहे. आधार क्रमांकाच्या साहाय्याने ही नोंदणी घरबसल्या ऑनलाइनही करता येते.

उत्पन्नाचा अंदाज बांधताना मात्र बाराही महिने घर भरलेले राहील असे गृहीत धरू नये. वर्षातील एक महिना रिकामा आणि एका महिन्याचे शुल्क दुरुस्तीसाठी, असा हिशेब ठेवावा. वरील उदाहरणात घरपट्टी दोन हजार रुपये धरल्यास हाती अठ्ठावन्न हजार उरतात. प्राप्तिकराच्या दृष्टीने, भरलेली घरपट्टी वजा करून उरलेल्या चौसष्ट हजारांवर ३० टक्के, म्हणजे १९,२०० रुपयांची ठोक वजावट मिळते आणि ४४,८०० रुपये उत्पन्नात धरले जातात. कर्ज काढून बांधकाम करावयाचे असेल, तर हप्ता या आकड्याशी ताडून पाहावा.

घर देण्यापूर्वी

प्रथम घराची कागदपत्रे नीट लावावीत. गावातील घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये असावी. शेतजमिनीवर नव्या खोल्या बांधावयाच्या असतील, तर बिनशेती व बांधकाम परवानगीचा प्रश्न आधी सोडवावा. शहरातील रो-हाऊस सहकारी गृहनिर्माण संस्थेत असेल तर संस्थेस कळवावे. अशा वेळी संस्था बिनभोगवटा शुल्क आकारू शकते. परंतु ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक असू नये, असा शासनाचा २००१ चा आदेश आहे.

ओळीतील घरांची भिंत सामाईक असते. एका घराच्या न्हाणीघरातील गळती शेजाऱ्याच्या भिंतीवर उमटते. म्हणून छप्पर, सांडपाण्याची वाट आणि शौचालयाची टाकी पावसाळ्यापूर्वी तपासावी. प्रत्येक घरास स्वतंत्र वीजमीटर असावा. निम्मे तंटे सामाईक वीजबिलातून जन्मतात. किल्ली देताना भिंती, नळ, पंखे यांची स्थिती लिहून त्यावर दोघांच्या सह्या घ्याव्यात, म्हणजे ठेव परत करताना वाद होत नाही. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यास द्यावी.

मालकाचीही कर्तव्ये

भाडे घेतल्याची पावती देणे आणि घर राहण्यायोग्य ठेवणे ही १९९९ च्या अधिनियमानुसार मालकाची जबाबदारी आहे. भाडे थकले म्हणून पाणी वा वीज तोडणे, कुलूप बदलणे हे मार्ग बेकायदेशीर आहेत. थकबाकीसाठी लेखी नोटीस आणि त्यानंतर योग्य न्यायालय वा प्राधिकारी, हाच क्रम सुरक्षित आहे. जात वा धर्म पाहून घर नाकारणे हे तर गावाच्या लौकिकास उणेपणा आणणारे आहे. बदलून आलेल्या शिक्षिकेस आडनाव ऐकून घर नाकारले जाते, तेव्हा तिच्याबरोबर शाळेचेही नुकसान होते.

ग्रामपंचायतीस काय करता येईल

कर्मचाऱ्यांनी मुख्यालयी राहावे, अशी अपेक्षा ग्रामसभेत वारंवार व्यक्त होते. परंतु राहण्याजोगे घरच मिळत नसेल तर ती अपेक्षा कागदावर राहते. शिक्षक सायंकाळची गाडी पकडण्यासाठी घड्याळाकडे पाहतो आणि रात्री प्रसूतीच्या वेळी आरोग्यसेविका गावात नसते. ग्रामपंचायतीने भाड्याने देण्याजोग्या घरांची यादी मालकांच्या संमतीने तयार ठेवावी, ग्रामसभेत करार-नोंदणीची माहिती द्यावी आणि तरुणांपैकी एखाद्यास ऑनलाइन नोंदणीचे काम शिकवून घ्यावे. यास वेगळ्या निधीची फारशी गरज नाही.

बंद घराला वाळवी लागते, कौले सरकतात, भिंती ओल धरतात. तेच घर योग्य कराराने दिले तर मालकास उत्पन्न, येणाऱ्यास निवारा आणि गावास एक रात्री मुक्कामी असणारा शिक्षक मिळतो. विश्वास हवाच, पण तो नोंदविलेल्या कागदावर उभा असला म्हणजे दोन्ही घरी निश्चिंत झोप लागते.