शेवटचा पाना कुठे लागला होता?

रविवारी संध्याकाळी बंपरचा शेवटचा स्क्रू आवळला, बोनेट खाली केलं आणि स्टार्टर मारला. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं, काटा बाराशेपर्यंत चढला, तसाच खाली आला आणि गाडी बंद. पुन्हा चावी फिरवली, पुन्हा तेच. एक्सलरेटर दाबून धरला तरी फरक नाही. तीन सेकंद चालायची आणि थांबायची.

गाडी २००५ ची ऑक्टाव्हिया आरएस. १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, दर सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, मूळची ताकद १५० पीएस. त्या शनिवार-रविवारी मी तिला पुढच्या बाजूला मोठा इंटरकूलर बसवला होता आणि मूळ डायव्हर्टर व्हॉल्व्ह काढून हवा बाहेर सोडणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह लावला होता. पुढचे सोळा दिवस गाडी पार्किंगमधून हलली नाही. प्लग बदलले, चारही इग्निशन कॉइल बदलल्या, पेट्रोल पंपाचा रिले बदलला. सतराव्या दिवशी पुण्यातल्या नाना पेठेत स्पेअर पार्ट घ्यायला गेलो असताना एका जुन्या मेकॅनिक काकांशी बोलणं झालं आणि ते घरी येऊन गाडी बघायला तयार झाले. त्या दिवसात आणि त्यानंतरच्या काही वर्षांत जे शिकलो, ते इथे मांडतो आहे.

१. शेवटचा पाना जिथे लागला, तिथून सुरुवात करा.

काकांनी बोनेट उघडायच्या आधी एकच प्रश्न विचारला, “अरे, शेवटचा पाना कुठे लावला होतास?” मी इंटरकूलर आणि व्हॉल्व्ह म्हणालो. “मग प्लग कशाला बदललेस?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. शनिवारी सकाळपर्यंत प्लग नीट ठिणगी देत होते, पंप नीट पेट्रोल देत होता. चालत्या गाडीत आपण हात घातला आणि ती बंद पडली, तर दोष बहुतेक वेळा हात घातला तिथेच असतो.

२. ‘सुरू होते, पण टिकत नाही’ यातच अर्धं निदान आहे.

स्टार्टर फिरत असताना ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, हवा फारशी मोजत बसत नाही. इंजिनाचं तापमान पाहून ठरलेल्या तक्त्याप्रमाणे पेट्रोल सोडतो. इंजिन पेटलं की काही क्षणांत तो आत येणाऱ्या हवेच्या मोजमापावर जातो. म्हणजे माझी गाडी सुरू होत होती तेव्हा ठिणगी होती, पेट्रोल होतं, कॉम्प्रेशनही होतं. ती बंद पडत होती ती तक्ता सोडून मोजमापावर येताना. हे त्या पहिल्या संध्याकाळी माहीत असतं, तर कॉइलचे पैसे वाचले असते.

३. डॅशबोर्डवरचा चावीचा दिवा आधी पाहा.

ऑक्टाव्हिया ज्या कंपनी-समूहाची, त्याच्या गाड्यांत इमोबिलायझरला चावी ओळखता आली नाही, तर इंजिन सुरू होतं आणि एक-दोन सेकंदांत बंद पडतं. लक्षण अगदी तेच. फरक एवढाच, की इमोबिलायझरचा दिवा लुकलुकत राहतो. दुसरी चावी लावून पाहायला एक मिनिट लागतं. काकांनी ते मिनिट आधी खर्च केलं. दिवा लुकलुकत नव्हता, म्हणून ते पुढे गेले.

४. एअरफ्लो सेन्सरचा कनेक्टर काढून एकदा स्टार्ट करा.

एअर फिल्टरच्या पुढे बसलेला हा सेन्सर इंजिनात जाणारी हवा मोजतो. काकांनी इग्निशन बंद करून त्याचा कनेक्टर काढला आणि मला स्टार्टर मारायला सांगितलं. गाडी सुरू झाली आणि चालत राहिली. आयडलिंग ओबडधोबड होतं, पण सोळा दिवसांत पहिल्यांदा ती तीन सेकंदांच्या पुढे गेली.

सेन्सर नसेल तर ईसीयू थ्रॉटलचा कोन आणि इंजिनाचे फेरे यांवरून हवेचा अंदाज बांधतो. अंदाजावर गाडी चालते आणि मोजमापावर बंद पडते, याचा अर्थ मोजमाप खोटं आहे. एक तर सेन्सर बिघडला आहे किंवा त्याच्या नजरेआड कुठून तरी हवा आत येते आहे. सेन्सर शनिवारपर्यंत ठीक होता, तेव्हा दुसरी शक्यता मोठी.

५. वरून घट्ट दिसणाऱ्या क्लिपवर विसंबू नका.

काकांनी गाडीखाली आडवं होऊन इंटरकूलरच्या प्रत्येक नळीला हातानं ओढ दिली. डाव्या फॉगलॅम्पच्या मागची सिलिकॉनची नळी अलगद हातात आली. क्लिप घट्ट आवळलेली होती, पण पाइपाच्या तोंडावर नाही, नळीच्या रिकाम्या टोकावर. बंपर चढवताना इंटरकूलर मागे ढकलला गेला असावा आणि नळी पाइपावरून निसटली. इंजिन त्या भोकातून श्वास घेत होतं, सेन्सरपुढून जवळजवळ काहीच जात नव्हतं आणि ईसीयू त्या ‘काहीच नाही’च्या हिशेबानं पेट्रोल सोडत होता.

टर्बोतून येणाऱ्या हवेत तेलाचा अंश असतो. त्यामुळे पाइपाची तोंडं बुळबुळीत होतात. बसवण्याआधी ती स्वच्छ पुसा, पाइपाच्या टोकाला उठावाची कड असू द्या आणि क्लिप त्या कडेच्या मागे बसू द्या. आवळल्यावर नळी हातानं ओढून पाहा. हे सगळं बंपर लावण्याआधी करा आणि लावल्यानंतर पुन्हा एकदा करा.

६. बारीक गळती दाबाखाली शोधा.

नळी बसवल्यावर गाडी चालू राहिली, पण आयडलिंग हलत होतं. टर्बोच्या हवा घेणाऱ्या तोंडावर टायरचा व्हॉल्व्ह बसवलेली टोपी लावून काकांनी पायपंपानं हवा भरली. ५ पीएसआयपासून सुरुवात करून १२ च्या पुढे ते गेले नाहीत. थोडी हवा इंजिनातून सायलेन्सरकडे निघून जाते, तो आवाज चालतो. बाकी कुठेही फुसफुस नको. साबणाचं पाणी मारल्यावर एका रबरी नळीवर बुडबुडे आले. माझ्याच पक्कडीनं तिला चीर गेली होती. ही चाचणी करताना टोपीसमोर उभं राहू नका, ती उडाली तर चेहऱ्यावर बसते. गळती शोधायला पेट्रोल किंवा ज्वलनशील स्प्रे तापलेल्या इंजिनावर कधीही मारू नका.

७. ब्लो-ऑफच्या आवाजाची किंमत समजून घ्या.

दुसऱ्या दिवशी सिग्नलजवळ एक्सलरेटर सोडला की गाडी बंद पडू लागली. मूळ डायव्हर्टर व्हॉल्व्ह जास्तीची हवा टर्बोच्या तोंडाशी परत नेतो. माझा नवा व्हॉल्व्ह ती बाहेर फेकत होता. ती हवा सेन्सरनं आधीच मोजलेली होती, तिच्या वाट्याचं पेट्रोल आत येत होतं, पण हवा निघून गेलेली. मिश्रणात पेट्रोल जास्त होऊन इंजिन गुदमरत होतं. त्याची स्प्रिंगही कमजोर होती, त्यामुळे आयडलिंगच्या व्हॅक्यूमनं तो किंचित उघडा राहायचा आणि उलट न मोजलेली हवा आत घ्यायचा. मी मूळ व्हॉल्व्ह परत लावला आणि तक्रार संपली.

एकाच शनिवार-रविवारी दोन बदल केल्यानं दोन दोष एकमेकांआड लपले होते. तेव्हापासून एका वेळी एकच बदल करतो आणि मध्ये दोन-तीन दिवस गाडी चालवतो.

८. माप बदललंत, तर हिशेबही बदला.

६० मिलिमीटरच्या जागी ७० मिलिमीटरचा सेन्सर पाइप लावला, तर त्याचं क्षेत्रफळ सुमारे ३६ टक्क्यांनी वाढतं. तेवढीच हवा मग सावकाश वाहते आणि सेन्सर ती कमी मोजतो. मोठ्या इंजेक्टरचंही तसंच. वीज मिळाल्यापासून इंजेक्टर प्रत्यक्ष उघडेपर्यंत थोडा वेळ जातो. आयडलिंगला इंजेक्टर काही मिलिसेकंदच उघडा असतो, म्हणून तिथे या वेळातली छोटी चूकही मोठी ठरते. बॅटरीचा व्होल्टेज उतरला की हा वेळ आणखी वाढतो. दोन्ही आकडे ईसीयूच्या मॅपमध्ये भरल्याशिवाय असा पार्ट लावू नका. फुल थ्रॉटलला सुसाट पळणारी गाडी सकाळी सुरू होऊन बंद पडत असेल, तर संशय इथे घ्या.

९. नवा पार्ट घेण्याआधी चार आकडे वहीत लिहा.

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत स्कॅनर लावला की इंजिनाचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखं दिसायला हवं. मे महिन्याच्या सकाळी इंजिन ५ अंश दाखवत असेल, तर तापमानाचा सेन्सर खोटं बोलतो आहे आणि पेट्रोल जास्त जातं आहे. बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी आणि स्टार्टर मारताना ती साडेनऊच्या खाली जाऊ नये. पेट्रोलचा दाब मॅन्युअलप्रमाणे असावा आणि इग्निशन बंद केल्यावर लगेच उतरू नये. इंजिन गरम झाल्यावर माझ्या गाडीचा एअरफ्लो आयडलिंगला सेकंदाला २ ते ४ ग्रॅम दाखवतो. हे आकडे गाडी ठणठणीत असतानाच लिहून ठेवा. आजारपणात तुलनेला तेच कामाला येतात.

१०. काढलेला मूळ पार्ट फेकू नका.

मूळ व्हॉल्व्ह मी खोक्यात जपून ठेवला होता, म्हणून सातव्या धड्यातला दोष दहा मिनिटांत मिटला. दुसरं कारण कायद्याचं आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. परत मूळ स्थितीत आणता येणार नाही असा बदल मी आता करत नाही.

काका त्या दिवशी निघाले तेव्हा मी पैसे विचारले. त्यांनी नव्या कॉइलच्या खोक्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, “खर्च तू आधीच केला आहेस. मला चहा पाज.” नंतर माझ्या वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी स्वतःच्या हातानं एक ओळ लिहिली: ‘आत गेलेली सगळी हवा मोजलेली हवी, मोजलेली सगळी हवा आत गेलेली हवी.’ गाडी बंद पडली की मी आधी ते पान उघडतो आणि मग पाना हातात घेतो.