आधी ब्रश, मग कानस

अगं, काल फोनवर तू म्हणालीस, "ताई, आजोबांची पेटी सुरात आणायचीय, कुठली हत्यारं घेऊ?" आणि माझ्या पोटात धस्स झालं. कानस घेऊ नकोस गं लगेच. आधी माझं ऐक.

तुझ्याच वयाची असताना बाबांच्या पेटीतला एक सूर मला उतरलेला वाटायचा. मी तो काढून कानशीनं घासला. जरा जास्तच चढला, म्हणून दुसरीकडून घासून उतरवला. पुन्हा चढवला. चौथ्या दिवशी वाजवतानाच त्याची जीभ तुटली. घासलेलं पितळ परत येत नाही बाई. ती जीभ अजून माझ्याकडे डबीत आहे.

तेव्हा पहिलं हत्यार म्हणजे मऊ, कोरडा ब्रश. पेटी उघडलीस की दिसेल, प्रत्येक सूर म्हणजे पितळी चौकटीवर एका टोकाला रिव्हेटनं धरलेली पातळ जीभ. दोघींमधली फट अगदी बारीक. आपल्या कोल्हापूरच्या पावसाळ्यात पितळ कळकतं, फटीत धूळ अडकते आणि सूर घोगरा होतो, नाहीतर मुकाच राहतो. नुसत्या सफाईनं त्यातले कितीतरी सूर बोलायला लागतात. पण देवाची भांडी घासतो तशी चिंच लावायची नाही, तेलही नाही.

दुसरं हत्यार मोबाइलवरचा ट्यूनर. तो लावून सगळे सूर वाजव आणि वहीत लिही. भाता मात्र एकसारखा मार, दाब वाढला की सूर किंचित उतरतो. सगळेच सूर सारखेच उतरलेले दिसले तर घाबरू नकोस. फ्रान्सनं 1859 मध्ये 435 हर्ट्झचा प्रमाण स्वर ठरवला होता, आजचा 440 जगानं 1939 मध्ये धरला. दोन्हींत जवळजवळ 20 सेंटचा फरक पडतो, आणि दोन शेजारच्या सुरांत अंतर असतं 100 सेंटचं. जुनी पेटी स्वतःशी जुळलेली असेल तर केवळ आकड्यासाठी सगळे सूर खरवडू नयेत.

तिसरं काम आत्याला फोन. आजोबा कुठल्या पट्टीत गायचे ते विचार. काळी दोन म्हणाली तर त्यांचा गंधार पांढरी पाचवर येतो. तंबोऱ्यातून ऐकू येणारा गंधार ट्यूनरच्या गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट खाली असतो, म्हणून गाणारी माणसं कधी कधी कारागिराकडून तो मुद्दाम तसा लावून घेतात. मी घासलेला बाबांचा सूर कुठला होता माहितीय? त्यांच्या पट्टीतला गंधारच. तो उतरला नव्हता गं, लावलेला होता. हे मला कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. आपण पेटीवादक गोविंदराव टेंब्यांच्या गावची माणसं. पेटीनं गळ्याला कशी साथ द्यावी, ते या गावानं ऐकलेलं आहे.

एवढं सगळं करूनही दोन-चार सूर खरंच चुकलेले राहिले, तर मग कानस. बारीक दाताची. जिभेखाली पातळ पोलादी पातं सरकवून तिला आधार दे. टोकाकडे घासलं की सूर चढतो, रिव्हेटजवळ घासलं की उतरतो. दोन हलके हात मारायचे, सूर जागेवर बसवायचा, मग ऐकायचं. बाहेर धरून ऐकलेला आणि पेटीत बसवलेला सूर एक नसतो. वरच्या सप्तकातल्या जोडीदाराबरोबर वाजव. लहर येत असेल तर अजून जुळला नाही. लहर संथ होत होत थांबली की हात आवर.

आणि पहिला हात आजोबांच्या पेटीवर नको. एखाद्या मोडक्या पेटीचे सूर मिळव, त्यांवर शीक. रविवारी माझ्याकडे ये, माझ्या डबीतली ती जीभ तुला दाखवते. कुठे पातळ झाली आणि कुठे तुटली, ते बोटाला लागतं.