कॉपी करणे सोडलेस का?

समजा तपासणीसाठी एक अधिकारी वर्गात आले आणि त्यांनी गणूला उभे करून विचारले, "काय रे, परीक्षेत कॉपी करणे सोडलेस का? फक्त 'हो' किंवा 'नाही' एवढेच सांग." गणू बिचारा सरळ मुलगा, त्याने जन्मात कधी कॉपी केलेली नाही. त्याने काय सांगावे? 'हो' म्हणावे तर पूर्वी करत होता असे ठरते. 'नाही' म्हणावे तर अजूनही करतो असे होते! साहेबांनी उघड आरोप तर कोठेच केलेला नाही. मग तो दडला आहे कोठे?

अशा गोष्टींचा छडा लावणाऱ्या शास्त्राला अर्थविज्ञान म्हणतात. त्याचे युरोपीय नाव फ्रेंच पंडित मिशेल ब्रेआल यांनी १८८३ साली रूढ केले. विषय मात्र त्याहून कितीतरी जुना आहे. या शास्त्राला प्रयोगशाळा लागत नाही. वही, पेन्सिल आणि 'नाही' हा शब्द, एवढे साहित्य पुरे.

पहिला प्रयोग करू. "गणूने काच फोडली." यावरून 'काच फुटली' हे निघतेच. आता वाक्य नकारार्थी करा : "गणूने काच फोडली नाही." काच फुटली का? सांगता येत नाही. ती शाबूत असेल, किंवा दुसऱ्या कोणी फोडली असेल. नकार येताच आपली खात्री गेली.

आता दुसरे वाक्य घ्या. "गणूने कॉपी करणे सोडले." यावरून 'गणू पूर्वी कॉपी करत होता' हे निघते. नकार द्या : "गणूने कॉपी करणे सोडले नाही." पूर्वी करत होता हे तसेच राहिले! प्रश्न करून पाहा, तरीही ते राहतेच. वाक्याला नकार दिला किंवा त्याचा प्रश्न केला तरी जो अर्थ टिकून राहतो, त्याला गृहीतार्थ म्हणू. 'सोडणे' या क्रियापदाच्या पोटातच तो असतो. 'थांबवणे', 'पुन्हा', 'अजून' हे शब्दही असेच आहेत. कोर्टात उलटतपासणी करताना वकील अशा प्रश्नांचा कसा उपयोग करत असतील, याची तुम्ही कल्पना करू शकाल. तेव्हा गणूने 'हो'ही म्हणू नये आणि 'नाही'ही म्हणू नये. "साहेब, मी कॉपी कधी केलीच नाही," असे म्हणून त्याने गृहीतच नाकारावे. उद्धटपणा म्हणून नव्हे, तर त्या प्रश्नाला खरे उत्तर तेवढे एकच आहे म्हणून.

ही युक्ती जर्मन गणिती गॉटलोब फ्रेग यांच्या १८९२ सालच्या एका निबंधात सापडते. त्यांचे उदाहरण खगोलशास्त्रज्ञ केपलरचे होते. केपलर हलाखीत मेला म्हणा किंवा मेला नाही म्हणा, केपलर नावाचा माणूस होऊन गेला हे दोन्हींत धरलेलेच आहे. त्याच निबंधात आणखी एक गंमत आहे. पहाटे पूर्वेला दिसणारी ठळक चांदणी आणि सायंकाळी पश्चिमेला दिसणारी चांदणी, दोन्ही म्हणजे शुक्रच. सुमारे ५८४ दिवसांच्या चक्रात तो कधी सूर्याच्या आधी उगवतो, तर कधी सूर्यानंतर मावळतो. शब्दाचा अर्थ म्हणजे केवळ ती वस्तू असे मानले, तर 'पहाटतारा म्हणजेच सांजतारा' हे वाक्य 'पहाटतारा म्हणजे पहाटतारा' याइतकेच पोकळ ठरेल. पण पहिले वाक्य कळायला आकाश पाहावे लागले, दुसरे घरबसल्या कळते. म्हणजे शब्द ज्या वस्तूकडे बोट दाखवतो ती वस्तू वेगळी आणि बोट दाखवण्याची रीत वेगळी. अर्थात दोन्ही आले.

यापलीकडे, वाक्यात मुळीच नसलेला अर्थही ऐकणाऱ्याला कळतो. "सूर्य मावळला" एवढेच कोणी म्हटले, तर गुराख्याला कळते की गुरे घरी न्यायची, दुकानदाराला कळते की माल आवरायचा, मजुराला कळते की सुट्टी झाली. अकराव्या शतकातील काश्मिरी पंडित मम्मट याने 'काव्यप्रकाश' या ग्रंथात याची अशी लांबलचक यादीच दिली आहे. या अर्थाला आपल्याकडे व्यंग्यार्थ म्हणतात. तो मागेही घेता येतो. "काही मुले पास झाली" म्हटले की आपण समजतो, काही नापास झाली. पण "काही काय, सगळीच पास झाली!" असे लगेच म्हणता येते, आणि त्यात विसंगती वाटत नाही. "गणूने काच फोडली, पण काच फुटली नाही" असे म्हणून पाहा बरे! पॉल ग्राइस या इंग्रज तत्त्वज्ञाने १९६७ साली हार्वर्ड विद्यापीठातील व्याख्यानांत अशा सूचित अर्थांचे नियम मांडले.

आता एक प्रयोग तुमच्यासाठी. "मी आंबा खाल्ला" या वाक्यात 'च' हे एकच अक्षर तीन ठिकाणी लावा : मीच आंबा खाल्ला, मी आंबाच खाल्ला, मी आंबा खाल्लाच. प्रत्येकाचा प्रश्न करा, मग नकार द्या. कोणत्या वाक्यात 'कोणीतरी आंबा खाल्ला' हे टिकते, कोणत्यात 'मी काहीतरी खाल्ले' एवढेच टिकते, आणि तिसऱ्यात काय उरते? शेजारच्या बाकावरील मित्राचे उत्तर वेगळे आले तर खोडू नका, दोन्ही वहीत लिहून ठेवा.