मनगट हललं म्हणजे चालणं नव्हे

उद्यमबागेत मी लेथवर काम करतो. वडगावहून दुचाकीनं जातो, सुट्टीला निपाणीला आईकडे. मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ बांधलं आणि लगेच एक गोष्ट खटकली. खड्ड्यांतून गाडी हाणत कारखान्याच्या दारात पोचलो, की आकडा वाढलेला. गाडीचे हादरे ते पावलांत धरत होतं. उलट मालाची ट्रॉली शेडभर ढकलून घाम निघाला, तरी आकडा वाढेना. दोन्ही हात दांड्यावर घट्ट होते ना!

खरी काळजी निपाणीत वाटली. आई विड्या वळते. मांडीवर सूप, भिजवलेली तेंदूची पानं, कात्री, तंबाखू, दोरा. घड्याळ तिच्या हाताला बांधलं, तर बसल्या जागी पावलं चढू लागली. "पाय तर हललाच नाही की!" ती म्हणाली. दिवसभर मांडी घालून तिची कंबर धरते, गुडघे आखडतात. अशा बाईला "आज भरपूर चाललात" सांगणारं यंत्र घातकच.

रोज दहा हजार पावलांचा आकडाही काही वैद्यकीय नियम नाही. 1965 साली जपानात विकायला आलेल्या एका पाऊलमापकाच्या नावातून तो जगभर गेला. जागतिक आरोग्य संघटना मिनिटं सांगते: मोठ्या माणसानं आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम श्रम करावेत. चालताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, एवढा दम लागला की ते मध्यम श्रम. 1953 साली जेरी मॉरिस यांनी लंडनच्या बस कर्मचाऱ्यांचा अभ्यास मांडला. बसून गाडी चालवणाऱ्यांपेक्षा दुमजली बसचे जिने चढणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. नोकरी एकाच बसमधली, फरक पायांचा.

म्हणून गाडीवर आणि हाताचं काम करताना घड्याळ काढून ठेवा. चालताना मनात शंभर पावलं मोजून घड्याळाचा आकडा ताडून पाहा. चाललेली मिनिटं वहीत लिहा, बसून गेलेले तासही लिहा. मला तर दुसरा आकडाच जास्त शिकवतो. बसनं जाणाऱ्यांनी एक थांबा आधी उतरावं.

विड्यांची मजुरी दर हजारामागे मिळते, सारखं उठलं की पैसे कमी होतात. त्यामुळे "मधूनमधून उठत जा" हा सल्ला विड्या वळणाऱ्या बाईला एकटीला देऊन भागत नाही. घरातल्या पोरांनो, पाणी भरणं, पानं भिजवणं तुम्ही उरका, तेवढा वेळ तिला फिरू द्या. आणि वळलेल्या विड्या द्यायला जाताना तिला गाडीवर बसवू नका. ओझं तुम्ही घ्या आणि तिच्याबरोबर चालत जा.